घरांतले आवाज कागदावर

ज्या घरांत गेल्या पन्नास वर्षांत एखादा टेपरेकॉर्डर येऊन गेला असेल, त्या घरांत माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेंत किंवा कपाटाच्या तळच्या खणांत चार-दोन कॅसेटी खात्रीनें सांपडतात. एकीवर मुंजीचीं मंगलाष्टकें, दुसरीवर आजोबांनीं एका दुपारीं सांगितलेली कुळाची हकीकत, तिसरीवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि त्यांच्या मध्येंच तिनें स्वयंपाकघराकडे तोंड करून मारलेली हांक. ही छोटी कॅसेट फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं प्रथम पुढें आणली. आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत ती मुख्यतः त्यापुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शिरली. आतां तिची जागा मोबाइलनें घेतली आहे व आवाज सांठवणें म्हणजे एक बटण दाबण्याचें काम झालें आहे. सांठवण्याची सोय अशी वाढत गेली. पण सांठवलेलें ऐकावयास बसण्याची सवड कोणाला आहे, हें ज्यानें त्यानें आपल्या घरापुरतें पाहावें.

आवाजाची एक स्वाभाविक अडचण अशी कीं, तो जितक्या वेळांत उच्चारला गेला तितक्याच वेळांत ऐकावा लागतो. कागदावरचा मजकूर डोळ्यांखालून घालतां येतो, हवें तें पान उघडतां येतें, आणि पणजोबा पुण्यास कोणत्या सालीं आले एवढेंच पाहावयाचें असल्यास तेवढीच ओळ काढतां येते. दीड तासाच्या ध्वनिफितींतून तीच ओळ शोधावयाची म्हणजे दीड तास मांडी घालून बसलें पाहिजे. म्हणून तर ध्वनिमुद्रणाचें शब्दांकन करण्याची खटपट. हातानें हें काम करूं म्हटल्यास सराईत माणसासही एका तासाच्या बोलण्यास चार तास सहज लागतात. फीत जुनी, बोलणारा वृद्ध आणि मागें पंख्याची घरघर असली तर त्याहूनही अधिक. आतां हेंच काम ऑनलाइन, म्हणजे ध्वनीची फाइल एखाद्या संकेतस्थळाकडे पाठवून, कांहीं मिनिटांत होऊं लागलें आहे. या सोयीचा उपयोग कोठवर आणि तिच्यावर भरंवसा कोठवर, याचा थोडा विचार आम्ही वाचकांसमोर मांडूं इच्छितों.

बोललेलें लिहून घेणें हें काम आपल्याकडे कधींच हलकें मानलें गेलें नाहीं. व्यासांनीं महाभारत सांगावें व गणपतीनें तें लिहावें, ही कथा घरोघर ठाऊक आहे. गणपतीची अट अशी कीं, माझी लेखणी मध्यें थांबतां कामा नये. व्यासांची उलट अट अशी कीं, अर्थ समजल्याखेरीज एक अक्षरही लिहूं नये. (पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तींत हा प्रसंग मूळ संहितेंत न धरतां परिशिष्टांत घातला आहे, तथापि ज्या कोणीं तो रचला त्यास लेखनिकाच्या धंद्याचें मर्म पुरतें ठाऊक होतें, यांत संशय नाहीं.) ज्ञानेश्वरीचे लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबांचें नांव नेवाशास आजही आदरानें घेतलें जातें. आणि म्हाइंभटांचें उदाहरण तर प्रस्तुत विषयास अगदींच लागू पडणारें आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या पश्चात् त्यांच्या लीळा ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या होत्या, त्यांच्याकडे म्हाइंभट स्वतः गेले, त्यांचें सांगणें ऐकून घेतलें, नागदेवाचार्यांपाशीं तें पडताळलें, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लीळाचरित्र सिद्ध केलें. एकाच लीळेविषयीं दोघांचें स्मरण वेगळें असल्यास तो पाठभेदही नोंदवून ठेवावा, अशी महानुभाव ग्रंथांत रीत आहे. आजच्या शब्दांकन करणाऱ्या यंत्राकडे पाहिलें म्हणजे असें दिसतें कीं, गणपतीची अट तें तंतोतंत पाळतें. त्याची लेखणी क्षणभरही थांबत नाहीं. व्यासांची अट मात्र त्यास पाळतां येत नाहीं, आणि सगळी गोम येथेंच आहे.

यंत्रास मराठी कोणीं शिकवली, हें पाहिलें म्हणजे असें कां होतें तें समजतें. यंत्र म्हणजे येथें अर्थात् संगणकावर चालणारी प्रणाली. ती व्याकरण शिकत नाहीं, शब्दकोशही पाठ करीत नाहीं. बोललेला आवाज व त्याचेंच लेखी रूप अशा जोड्या तिला हजारों तास पुरवल्या जातात, आणि कोणत्या ध्वनीस कोणतें अक्षर व कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा अंदाज बांधण्यास ती शिकते. ओपनएआय या अमेरिकन संस्थेनें सप्टेंबर २०२२ मध्यें 'व्हिस्पर' नांवाची अशी प्रणाली सर्वांस खुली केली. ती ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणांवर शिकलेली होती. त्यांपैकीं इंग्रजीखेरीज इतर ९६ भाषांच्या वाट्यास सर्व मिळून सुमारें १,१७,००० तास आले, आणि त्यांतही मराठीचा वाटा अगदीं नगण्य होता. मराठीच्या पदरांत यापेक्षां अधिक माप पडलें तें आपल्या देशांतच. आयआयटी मद्रास येथील एआय-फोर-भारत या गटानें २०२२ सालीं 'श्रुतिलिपि' नांवाचा संग्रह प्रसिद्ध केला. आकाशवाणीचीं बातमीपत्रें आणि त्यांचा लेखी मजकूर यांची सांगड घालून १२ भारतीय भाषांचे ६,४०० तासांहून अधिक नमुने त्यांत जमवले आहेत व मराठी त्यांत आहे. युक्ति मोठी नामी! बातमीपत्र आधीं लिहिलेलें असतें, वाचणाराचा उच्चार स्वच्छ असतो, मागें भांड्यांचा आवाज नसतो. परंतु त्याचाच परिणाम असा कीं, या संग्रहावर शिकलेल्या यंत्रास निवेदकाची मराठी उत्तम येते. कोंकणांतल्या वृद्ध बाईची मराठी त्यानें कधीं ऐकलेलीच नसते. ही उणीव जाणून त्याच गटानें २०२४ सालीं २२ भाषांतील हजारों साध्या माणसांचें उत्स्फूर्त बोलणें गोळा करून प्रसिद्ध केलें. तेव्हां स्थिति सुधारत आहे. पण सुधारणा पुरी होईपर्यंत आपल्या कॅसेटी व त्या समजणारीं माणसें थांबून राहणार आहेत काय?

आम्हीं घरांतील १९८४ सालची एक ध्वनिफीत अशा एका ऑनलाइन सेवेकडे पाठवून पाहिली. बोलणारी आजी रत्नागिरीकडची, तेव्हांचें वय ७८. पन्नास मिनिटांचें बोलणें चहा होईपर्यंत लिहून परत आलें, आणि प्रथमदर्शनीं तरी आम्ही थक्क झालों. निम्म्याहून अधिक वाक्यें जशींच्या तशीं उतरलीं होतीं. मग बारकाईनें वाचूं लागल्यावर गंमत कळली. 'वन्सं' चा 'वंश' झाला होता, 'मामंजीं' चे 'मामाजी' झाले होते, आणि दोन पायली तांदुळांचे 'दोन पहिली तांदूळ' शिजले होते. अशा चुका वाचतांच हसूं येतें व त्या तेथल्या तेथें दुरुस्त होतात. दुसऱ्या प्रकारची चूक याहून अवघड. आजी 'मी जात्यें', 'मी आल्यें' असें बोलत असे. यंत्रानें तें निमूटपणें 'मी जाते', 'मी आले' असें सुधारून टाकलें होतें. ही चूक दिसतच नाहीं, कारण ओळ शुद्ध असते. ती फक्त आजीची राहिलेली नसते.

तिसरा प्रकार सर्वांत भयंकर. बोलणारा थांबला, आवंढा गिळला, आठवूं लागला, कीं यंत्र त्या शांततेंतही कांहीं तरी ऐकतें आणि कोणीं न उच्चारलेलीं वाक्यें लिहून मोकळें होतें. व्हिस्परविषयीं अमेरिकेतील कांहीं संशोधकांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, तपासलेल्या इंग्रजी ध्वनिमुद्रणांपैकीं शेंकडा सुमारें एकांत असा मनःकल्पित मजकूर आढळला. ज्यांच्या बोलण्यांत विराम अधिक, त्यांच्या बाबतींत हें प्रमाण वाढतें असेंही दिसून आलें. शंभरांत एक हें प्रमाण थोडें वाटेल. परंतु वृद्धांच्या बोलण्यांत विराम हेच तर अधिक असतात, आणि जमिनीचा व्यवहार किंवा मृत्यूची तिथि सांगतांना ते नेमके थांबतात!

म्हणून यंत्रानें लिहिलेला मजकूर, बोलणारास ओळखणाऱ्या माणसानें कानांनीं ताडून पाहिल्याखेरीज खरा मानूं नये. हें काम कंटाळवाणें आहे असें ऐकणारास वाटेल. आमचा अनुभव उलट आहे. वरील शब्दांकन तपासण्यास आम्हीं आमच्या ९१ वर्षांच्या आत्यांना बसवलें. एक पुतणी शेजारीं बसून वाक्य वाचून दाखवी, मग तेवढाच तुकडा ऐकवी. एके ठिकाणीं यंत्रानें एकही काना-मात्रा न चुकतां लिहिलें होतें, 'मला काकूंनी वाचायला शिकवलं.' पुतणी पुढें जाऊं लागली तों आत्यांनीं तिचा हात धरला. "थांब गो. कुठली काकू म्हणत्ये ती, ठाऊक आहे का तुला? घरांत तीन काकू होत्या. ही माडीवरची काकू."

माडीवरच्या काकूंविषयीं घरांतील साठीच्या आंतल्या एकाही माणसानें पूर्वीं ऐकलेलें नव्हतें. त्या आजीच्या चुलत सासूबाई. चौदाव्या वर्षीं वैधव्य आलें, केशवपन झालें, आणि पुढचें सारें आयुष्य माडीवरच्या एका खोलींत गेलें. दुपारीं घर निजलें म्हणजे नव्या सुनांना त्या धुळाक्षरें गिरवायला लावीत. पाटी खालीं नेण्याची मनाई होती, म्हणून खरोखरच धुळींत. आत्यांनीं त्यांचें माहेरचें नांवही सांगितलें. आमच्या छापील कुलवृत्तांतांत त्या जागीं पतीचें नांव, त्याखालीं 'अल्पवयीं निवर्तला' हे शब्द आणि पुढें कोरी जागा, एवढेंच होतें. ती जागा आतां हातानें लिहून भरली आहे. यंत्रानें त्या वाक्यांत कांहींच चूक केली नव्हती, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे. आत्या शेजारीं नसत्या तर त्या निर्दोष वाक्यावर बरोबरची खूण करून आम्ही पुढें गेलों असतों.

याच जातीचें काम फार मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्रांत झालेलें आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं पुण्यास राहून १९८० नंतरच्या दशकांत जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला, आणि खेडोपाडीं फिरून त्यांच्या सहकाऱ्यांनीं लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. प्रथम त्या ऐकून हातानेंच लिहून घेतल्या गेल्या. त्यांपैकीं पुष्कळांचें ध्वनिमुद्रण मागाहून झालें. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहांत त्या ओव्यांचा पाठ, आवाज व भाषांतर जोडीनें प्रसिद्ध होऊं लागलें. तेथें ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचें नांव व गांव दिलेलें असतें. पिठाच्या गिरण्या आल्या, जातीं अंगणांत पडलीं आणि ओवी म्हणण्याचें निमित्तच नाहींसें झालें. अशा वेळीं ही नांवानिशीं केलेली नोंद आम्हांस कोणत्याही यंत्राच्या करामतीपेक्षां मोठी वाटते.

आतां प्रत्यक्ष कृतीविषयीं थोडें. जुन्या कॅसेटीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसत असल्यास ती घरीं न लावतां जाणकाराकडे न्यावी. चांगली असल्यास टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोंकापासून संगणकापर्यंत तार जोडून ती एकदां संपूर्ण वाजवावी व 'वेव्ह' प्रकारच्या फाइलींत उतरवून घ्यावी. ही मूळ प्रत बाजूस ठेवावी आणि सेवेकडे पाठवण्यासाठीं तिची लहान एमपीथ्री प्रत काढावी. दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे केल्यास तपासणें सोपें जातें. भाषा 'मराठी' अशी स्पष्ट निवडावी; निवड यंत्रावर सोडल्यास लिपि एक व शब्द पुष्कळसे समान असल्यामुळें तें कधीं कधीं मराठी बोलण्यास हिंदीचा पोशाख चढवतें. कांहीं सेवांत आरंभींच विशेषनामांची यादी देण्याची सोय असते. कुळांतील नांवें, गांवें, देवस्थानें त्यांत अवश्य घालावीं. मजकूर युनिकोडमध्यें ठेवावा, म्हणजे नातवंडांच्या संगणकावरही तो उघडेल.

तपासतांना शब्द कळला नाहीं तर अंदाजानें भरूं नये. कंसांत 'अस्पष्ट' असें लिहून मिनिट व सेकंद टिपावें. आज एकास न कळलेला शब्द उद्यां दुसरा ओळखतो. आणि प्रती दोन कराव्या. पहिली शब्दशः, 'जात्यें' आणि 'वन्सं' सकट, अडखळणें व थांबणें यांसकट. दुसरी हवी तर वाचण्यास सुलभ अशी. बहुतेक घरांत दुसरीच प्रत होते आणि पहिली मागाहून करूं म्हणून राहून जाते, म्हणून क्रम उलटवूं नये. येथें एक गोष्ट स्पष्टच लिहितों. असल्या कामाचा उत्साह मुलांना, कौतुक वडील मंडळींना आणि टंकनाचा भार घरच्या सुनेला, अशी वांटणी होण्याचा संभव फार असतो. एकत्र कुटुंबांत हातांना तोटा नसतो. रविवारचा एक तास प्रत्येकानें आळीपाळीनें द्यावा.

मुंज, लग्न, सहस्रचंद्रदर्शन यांचीं चलच्चित्रें घरांत असल्यास त्यांस तळाशीं ओळी, म्हणजे सबटायटलें, जोडण्याची सोयही याच सेवांत असते. ज्यांना ऐकूं येईनासें झालें आहे त्यांच्यासाठीं ही चैन नव्हे. चारचौघांत दूरदर्शनसंचासमोर बसून, सगळे हसले म्हणजे आपणही हसणाऱ्या आजोबांकडे ज्यांनीं लक्षपूर्वक पाहिलें असेल, त्यांना आम्ही काय म्हणतों तें कळेल. या ओळींची फाइल अगदीं साधी असते: ओळीचा अनुक्रमांक, त्याखालीं ती केव्हां दिसावी व केव्हां जावी याची वेळ, त्याखालीं मजकूर, मग एक कोरी ओळ. वेळ अशी लिहितात:

००:०४:१२,३०० --> ००:०४:१६,८००

स्वल्पविरामापुढचे आंकडे सेकंदाच्या सहस्रांशाचे. एका वेळीं दोहोंपेक्षां अधिक ओळी नसाव्यात, आणि वृद्ध वाचकासाठीं त्या अंमळ अधिक वेळ ठेवाव्या. मराठींत एक विशेष जपावें लागतें. आपलें क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, आणि 'नाहीं' तर त्याच्याही मागून. त्यामुळें सबंध वाक्य आरंभींच दाखवलें तर बोलणारानें राखून ठेवलेली गंमत वाचणारास आधींच कळते, आणि वाक्य भलत्या जागीं तोडलें तर क्षणभर उलटा अर्थ होतो. यंत्र श्वासाच्या जागीं तोडतें; आपण अर्थाच्या जागीं तोडावें.

ऑनलाइन सेवेकडे फाइल पाठवणें म्हणजे घरांतील बोलणें परक्याच्या हातीं देणें, याचाही विसर पडूं नये. जुन्या फितींत वाटणीचीं भांडणें असतात, कोणाच्या आजाराचा उल्लेख असतो, आज हयात असलेल्या माणसाविषयीं कटु शब्द असतात. असा भाग पाठवूंच नये. व्हिस्परसारखी खुली प्रणाली आपल्याच संगणकावर उतरवून, आवाज घराबाहेर न जाऊं देतां चालवतां येते. घरांतील एखाद्या संगणक जाणणाऱ्या मुलास एक संध्याकाळ त्यास पुरते. बोलणारी व्यक्ति हयात असल्यास तिला विचारल्यावांचून शब्दांकन भावकींत वांटूं नये. लिहिलेलें आपलें बोलणें वाचून माणसें पुष्कळदां 'एवढें नको' म्हणतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे.

काम पुरें झालें म्हणजे एक प्रत कागदावर छापून घ्यावी व तिच्या पहिल्या पानावर फितीची तारीख, बोलणाराचें नांव आणि कोणीं ऐकून तपासलें त्यांचीं नांवें लिहावीं. आरंभ कोणत्या फितीपासून करावा असें आम्हांस विचारल्यास, सर्वांत जुनी फीत किंवा सर्वांत सुरेल फीत आम्ही सांगणार नाहीं. जिच्यांतील माणसें ओळखणारें घरांत एकच माणूस उरलें आहे, ती अगोदर काढावी, आणि त्या माणसाची दुपारची झोंप झाल्यावर ती लावावी.